शिदोरी आणि आगगाडी

प्रवासवर्णनें लिहिणारे आमचे बहुतेक लेखक दूरच्या मुलुखांचे भोक्ते असतात. काशी, काश्मीर, विलायत यांच्या खालीं त्यांची लेखणी सहसा उतरत नाहीं. महिनाअखेर चार पैसे शिल्लक टाकतांना ज्या गृहस्थाची ओढाताण होते, त्याच्या प्रवासाचा इतिहास मात्र कोणीं फारसा लिहिलेला नाहीं. वास्तविक सकाळीं निघावें, बरोबर एक डबा, एक तांब्या आणि घरचीं मुलें घ्यावीं व दिवेलागणीस घरीं परतावें, ही मध्यम स्थितीच्या कुटुंबाची खरी चैन होय. ही चैन केव्हां शक्य झाली, कशामुळें शक्य झाली आणि तिचा भार कोणीं वाहिला, हें पाहण्याकरितां आम्हीं कल्याणपासून बदलापुरापर्यंतचा अवघा नऊ मैलांचा लोहमार्ग निवडला आहे. कल्याणास रेल्वेचे दोन फांटे होतात. त्यांपैकीं कर्जतकडे जाणाऱ्या फांट्यावर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हीं तीन गांवें ओळीनें लागतात. त्यांतील एक निर्वासितांनीं वसविलेलें, दुसरें शिलाहारांच्या काळापासून नांवाजलेलें, आणि तिसरें घोडे बदलण्याच्या ठिकाणावरून नांव पडलें अशी आख्यायिका असलेलें. या आख्यायिकेवर किती भार टाकावा हें ज्याचें त्यानें ठरवावें.

रेल्वेपूर्वीं साध्या मनुष्यास प्रवास म्हणजे काय वाटे, हें वरसईच्या विष्णुभट गोडशांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथावरून चांगलें कळतें. घरीं कर्ज झालें म्हणून दक्षिणेच्या आशेनें ते १८५७ सालीं उत्तरेकडे निघाले आणि नेमके बंडाच्या वणव्यांत सांपडले. त्या काळीं मनुष्य यात्रेस निघे किंवा पोटामागें निघे. केवळ मौजेखातर घर सोडणें हा राजेरजवाड्यांचा प्रकार होता. वाटेंत अन्न स्वतः शिजवावें, नाहींतर जातीच्या घरीं उतरावें, याखेरीज तिसरा मार्ग नव्हता.

१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी धांवली, १८५४ सालीं ती कल्याणास पोहोंचली, आणि १८५६ च्या मे महिन्यांत कल्याणपुढें पळसदरी व खोपोलीपर्यंतचा मार्ग खुला झाला. आमचा नऊ मैलांचा तुकडा त्यांतलाच. पलीकडे पुणें ते खंडाळा गाडी १८५८ सालीं सुरू झाली, पण मधला बोरघाट १८६३ पर्यंत तयार नव्हता. तोंवर उतारूंनीं खोपोलीस उतरावें, डोलींत, तट्टावर किंवा पायीं घाट चढावा आणि खंडाळ्यास पुन्हां गाडी धरावी, असा क्रम होता. त्या पांच वर्षांत घाट चढणाऱ्या उतारूंच्या गांठोड्यांत काय काय बांधलेलें असेल, याची कल्पना करण्यास आम्हांस फार आवडतें.

रेल्वेचे चालक प्रथम साशंक होते. जातिभेद मानणारे हे लोक एका बांकावर शेजारीं शेजारीं बसणार नाहींत व गाड्या रिकाम्या धांवतील, असें भाकित करणारे इंग्रज थोडे नव्हते. घडलें तें उलट. लोकांनीं तिसऱ्या वर्गाचे डबे दाटून टाकले, आणि उतारूंपासून कंपन्यांस होणाऱ्या प्राप्तीचा मोठा वाटा याच वर्गानें उचलला. मोबदल्यांत त्यास धक्काबुक्की आणि अस्वच्छता मिळाली. गांधींनीं १९१७ सालीं या हालांवर लिहिलेला लेख सुप्रसिद्धच आहे. १९७४ सालीं तिसरा वर्ग कागदोपत्रीं नाहींसा होऊन दुसऱ्या वर्गांत मिसळला. दाटी मात्र जागच्या जागीं राहिली.

तिकिटाचा प्रश्न असा सुटला, तरी पोटाचा प्रश्न सुटला नाहीं. शेजाऱ्याशेजारीं बसणें ही एक गोष्ट आणि शेजाऱ्याच्या हातचें खाणें ही दुसरी. पहिली गोष्ट आगगाडीनें एका दिवसांत घडविली. दुसरीस शंभर वर्षें पुरलीं नाहींत. शिदोरीचें जें शास्त्र आमच्या आज्यापणज्यांनीं रचिलें, त्याचें मूळ येथें आहे. पाण्यांत शिजलेला भात खरकटा, म्हणून प्रवासांत वर्ज्य. पण तेंच पीठ पाण्याऐवजीं दुधांत मळून केलेली दशमी चालते! दशमी दोन दिवस टिकते, मऊ राहते, तिच्याबरोबर चटणी, गूळ किंवा लोणच्याची फोड पुरते. भाजलेले दाणे, लाडू, चिवडा आणि केळीं हीं तिचीं भावंडें. शास्त्रानें घातलेल्या बंधनांतून स्वयंपाकघरानें अशी पळवाट काढली, आणि ती काढतांना खिशासही फारशी तोशीस लागूं दिली नाहीं. आज आपण काटकसर म्हणून डबा बांधतों. त्यांचा डबा धर्मानें बांधलेला होता.

परंतु या गोड आठवणींत रमणाऱ्यांनीं एक प्रसंग विसरूं नये. १९०१ सालीं बालवयांतील भीमराव आंबेडकर घरच्या इतर मुलांसह वडिलांच्या नोकरीच्या गांवीं जाण्यास निघाले आणि सातारा जिल्ह्यांतील मसूर स्टेशनावर उतरले. अंगावर नवे कपडे होते, जवळ पैसे होते, आणि बरोबर पोटभर शिदोरी होती. जात कळतांच गाडीवान मिळेनात. दुप्पट भाड्यावर एक कबूल झाला, तोही अशा अटीवर कीं गाडी मुलांनीं हांकावी व आपण बाजूनें चालावें. रस्ताभर त्यांस पिण्याचें पाणी कोणीं दिलें नाहीं, आणि पाणी नाहीं म्हणून भरलेला डबा तसाच राहून मुलें उपाशीं निजलीं. आंबेडकरांनीं ही हकीकत पुढें स्वतः लिहून ठेवली आहे. प्रवासाचा खर्च रुपये-आणे-पैंत मांडणाऱ्यांनीं या मुलांचा हिशेब कोणत्या रकान्यांत धरावा? स्टेशनांवर हिंदूंचें पाणी निराळें आणि मुसलमानांचें पाणी निराळें, ही व्यवस्था तर त्यानंतरही कित्येक वर्षें चालली. म्हणून स्वस्त प्रवासाच्या इतिहासांत तिकिटाच्या दराइतकेंच, किंबहुना अधिक, महत्त्व कोण कोणाच्या हातचें खातो यास आहे असें आमचें मत आहे.

आतां अंबरनाथाकडे वळूं. स्टेशनापासून पायीं जाण्याजोग्या अंतरावर, वालधुनी नदीच्या कांठीं, काळ्या दगडाचें शिवालय आहे. उत्तरेकडील द्वाराच्या तुळईवर कोरलेला त्याचा लेख डॉ. भाऊ दाजी यांनीं प्रथम वाचला, तेव्हां शक ७८२ असा आंकडा लावला. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तो ९८२ असा दुरुस्त केला. म्हणजे इ. स. १०६०, शिलाहार राजा मामवाणी याची कारकीर्द. एका अंकानें देऊळ दोनशें वर्षें तरुण झालें! आमच्यांतील पुष्कळजण अजूनही त्यास हेमाडपंती म्हणतात; परंतु हेमाद्रि पंडित यादवांच्या दरबारीं होऊन गेला तो देवालयानंतर सुमारें दोनशें वर्षांनीं. १८६८ सालीं मुंबईच्या कलाशाळेंतील विद्यार्थ्यांनीं येथें येऊन चित्रें काढलीं व कोरीवकामाचे ठसे घेतले. सरकारी खर्चानें झालेली ही अंबरनाथची पहिली मोठी शैक्षणिक सहल म्हणावयास हरकत नाहीं.

मंडपांतून पायऱ्या उतरून गाभाऱ्यांत जावें लागतें. वरचें शिखर भंगलेलें असल्यामुळें आंत उजेड पडतो, आणि बाहेरच्या उन्हांतून आलेल्या मुलांस तेथील गारव्याचें मोठें नवल वाटतें. आंत जाण्यास पैसा पडत नाहीं. भिंतींवरील मूर्ति पाहण्यास एक तास पुरे म्हणणाऱ्यांनीं दोन तास काढावे. बाहेर आल्यावर वालधुनीकडे पाहिलें म्हणजे मात्र जीव कासावीस होतो. विसाव्या शतकांत येथें आगपेट्यांचे, रसायनांचे आणि दुसरे अनेक कारखाने उभे राहिले. त्यांनीं हजारों कुटुंबांच्या चुली पेटविल्या आणि नदी काळी केली.

महाशिवरात्रीस येथें मोठी जत्रा भरते. मौजेची गोष्ट अशी कीं जत्रा म्हणजे खाण्याची चंगळ आणि ही जत्रा येते ती कडक उपवासाच्या दिवशीं. त्यामुळें खाऊच्या पुड्या बांधून घरीं नेण्याचा आणि पारण्याच्या दिवशीं सोडण्याचा परिपाठ कित्येक घरांत आहे. मुलांस अर्थात् हा नियम कोणीं लावीत नाहीं.

अंबरनाथच्या अलीकडे, कल्याणच्या बाजूस, दुसऱ्या महायुद्धांत लष्करी छावणी होती. युद्ध संपलें, छावणी ओस पडली, आणि १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांस या बराकींत आणून ठेवण्यांत आलें. पुष्कळ लोक कराचीहून आगबोटीनें मुंबईस उतरले होते. पंजाब्यांस निदान अर्धा पंजाब इकडे उरला. सिंध्यांस परत जावयास एक तालुकाही राहिला नाहीं. सैनिकांसाठीं बांधलेल्या लांबच लांब बराकींत पडदे आणि फळ्या लावून संसार थाटले गेले. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें नव्या गांवाची कोनशिला बसली व उल्हास नदीवरून उल्हासनगर असें नांव पडलें. पांच कँपांचे आंकडे मात्र पत्त्यांत कायमचे राहिले. आजही तेथील मनुष्य आपला पत्ता कँप नंबरानेंच सांगतो.

घरदार, जमीनजुमला, दुकानें मागें टाकून आलेल्या माणसाजवळ विकण्यासारखें काय उरतें? हातांतली कला, आणि घरच्या बायकांचा स्वयंपाक. निर्वासितांपैकीं कित्येकांनीं आगगाडीच्या डब्याडब्यांतून फिरून पापड, गोळ्या आणि किरकोळ जिन्नस विकले. भीक मागण्यापेक्षां फेरी बरी, हा त्यांचा बाणा मुंबईच्या उतारूंनीं रोज डोळ्यांनीं पाहिला. सिंधी घरीं पाहुणा आला कीं त्याच्यापुढें प्रथम भाजलेला पापड आणि पाणी ठेवण्याची चाल आहे. आदरातिथ्याची ही पहिली वस्तु उपजीविकेचें साधन व्हावी, यांत दैवाचा खेळ दिसतो खरा. पण त्या पापडानें मराठी घरांचीं दारें उघडलीं हेंही तितकेंच खरें. ज्या आजीनें आयुष्यभर गाडींत पाणी प्यालें नाहीं, तिच्या सुनेनें सिंधी पापडाचा पुडा डब्यांतल्या फेरीवाल्याकडून जात न विचारतां घेतला. समाजसुधारकांनीं सहभोजनें घडविलीं, त्यांविषयीं आम्हांस पूर्ण आदर आहे. तरी आगगाडीच्या डब्यांत, कोणीं सभापति नसतां, भुकेच्या आणि स्वस्ताईच्या जोरावर जें सहभोजन घडलें, त्याची नोंद कोणत्याच अहवालांत नाहीं.

उल्हासनगरास जाणाऱ्यानें सकाळींच जावें, कारण डाळ-पकवान ही सकाळची न्याहारी आहे. पकवान म्हणजे मैद्याची, जिरें घातलेली, टोंचे मारून मंद तळलेली मोठी कुरकुरीत पुरी. तिच्याबरोबर हरभऱ्याची डाळ, शिजलेली पण दाणा न मोडलेली, वर चिंचेची व हिरवी चटणी आणि चिरलेला कांदा. पकवान हातानें मोडून त्यानें डाळ उचलावयाची. चमचा मागणारा मनुष्य परगांवचा हें लगेच ओळखूं येतें. एका ताटलीनें दुपारपर्यंत भूक लागत नाहीं आणि पाकीट फारसें हलकें होत नाहीं. याशिवाय कांदा घालून जाड लाटलेली कोकी आहे. ती दोन दिवस टिकते, प्रवासांत बांधून नेतां येते, लोणच्याबरोबर किंवा दह्याबरोबर लागते. ती पाहतांच आम्हांस दशमीची आठवण झाली. सिंधु नदीच्या कांठच्या आणि कृष्णेच्या कांठच्या सुगरणींनीं एकमेकींस न भेटतां वाटेवरच्या भुकेवर एकच तोड काढावी, हें पाहून आनंद होतो. फरक इतकाच कीं दशमी बांधणारीस परत घरीं यावयाचें होतें.

ही ताटली स्वस्त कां, याचा विचार खातांना सहसा कोणी करीत नाहीं. घरचीं माणसें पहांटे उठून पीठ मळतात, आणि त्या श्रमाची मजुरी कोठें मांडलेली नसते. निर्वासितांच्या पहिल्या पिढीनें तर ती मांडलीच नाहीं. मांडती, तर धंदा उभा राहता ना. उपनगरी गाडीचें कमींत कमी तिकीट आज ५ रुपये आहे, त्यांतही सरकारची तूट आहे. म्हणजे आमची एक दिवसाची सहल दोन ठिकाणीं दुसऱ्यांच्या पदरचें खाऊन स्वस्त झालेली असते. भाव करतांना एवढें ध्यानांत ठेवलें तरी पुरे आहे.

बदलापुरास पाहण्यासारखें देऊळ थोडें आणि रान पुष्कळ, अशी स्थिति परवांपरवांपर्यंत होती. आतां रानाच्या जागीं इमारती उठल्या आहेत. कोंडेश्वराचा धबधबा पावसाळ्यांत अनेकांस ओढतो, आणि दर वर्षीं कोणा ना कोणा तरुणाच्या बुडण्याची बातमी येऊन तेथें बंदी घालावी लागते. मुलांमाणसांसह जाणाऱ्यांनीं ती बंदी मोडूं नये. बदलापूरचें खरें वैभव जांभूळ. टपोरें, गर भरपूर, बी लहान. अलीकडे त्यास भौगोलिक मानांकन मिळालें आहे, आणि त्याचा डौल वाढला आहे. पण तें विकण्यास आणणाऱ्या ठाकूर, कातकरी बाया अजून पानांच्या द्रोणांतच देतात. मे महिन्यांत त्याच टोपल्यांत करवंदें असतात. या बाया पहाटे रानांतून निघतात, स्टेशनाच्या बाहेर ओळीनें बसतात, आणि दुपारच्या आंत टोपली रिकामी झाली नाहीं तर माल मऊ पडून वायां जातो. उतारू हें जाणतात व उन्हें चढेपर्यंत मुद्दाम थांबून भाव पाडतात.

जांभळाचा हंगाम जेमतेम कांहीं आठवड्यांचा. मृगाचा जोराचा पाऊस लागला कीं फळ फुटून खालीं पडतें आणि टोपल्या दिसेनाशा होतात. जाण्याचा बेत असेल त्यांनीं जूनचा पहिला आठवडा चुकवूं नये, सकाळची गाडी धरावी, आणि जांभळाचे डाग धुवून निघत नसल्यामुळें मुलांस जुने कपडे घालावे.