कार्ब्युरेटर आणि टर्बोचार्जर : एका सहवासाचा इतिहास

मोटारींच्या इंजिनांचा इतिहास लिहिताना एक विधान पुष्कळदा गृहीत धरले जाते. टर्बोचार्जर आणि कार्ब्युरेटर यांचे मुळातच जमत नव्हते, आणि म्हणूनच फ्युएल इंजेक्शनची पद्धती येताच कार्ब्युरेटर मागे पडला, असे ते विधान होय. प्रस्तुत लेखात त्याची तपासणी करावयाची आहे. भाषेच्या अभ्यासकाला अशा विधानाविषयी शंका येणे स्वाभाविक आहे. कारण एखादे शब्दरूप प्रचारातून गेले म्हणजे ते सदोष होते, हे अनुमान भाषेच्या इतिहासात टिकत नाही. यंत्रांच्या इतिहासात तरी ते का टिकावे?

प्रथम प्रश्नाचे स्वरूप पाहू. कार्ब्युरेटरच्या नळीचा मधला भाग चिंचोळा असतो. तेथून हवा वेगाने जाऊ लागली की तिचा दाब उतरतो, आणि शेजारच्या छोट्या कोठीतील पेट्रोल, त्यावरील अधिक दाबामुळे, जेटमधून हवेत येते. सारा व्यवहार दाबांच्या अल्पशा फरकावर चालतो. टर्बोचार्जर, ज्याचे मूळ स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांच्या १९०५ च्या पेटंटात आहे, बाहेर पडणाऱ्या उष्ण वायूंच्या जोरावर चक्र फिरवून इंजिनात जाणारी हवा दाबतो. तेव्हा कार्ब्युरेटर या संपीडकाच्या अलीकडे ठेवावा की पलीकडे, हा खरा प्रश्न होता.

१९६२ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या दोन विभागांनी टर्बोयुक्त मोटारी बाजारात आणल्या. दोहोंतही कार्ब्युरेटर अलीकडे होता. या स्थानी त्याला नेहमीचीच बाहेरची हवा मिळते, त्यामुळे त्याच्या रचनेत फारसा फेरफार करावा लागत नाही. शेव्हरोले कॉर्व्हेअरच्या सहा सिलिंडरी, हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचे संपीडन-गुणोत्तर उतरवून ८ करण्यात आले व १५० अश्वशक्ती मिळविण्यात आली. ओल्ड्समोबील जेटफायरने वेगळा मार्ग धरला. तिच्या २१५ घनइंची इंजिनाचे गुणोत्तर १०.२५ इतके चढेच ठेवून, नॉकिंग टाळण्यासाठी मेथनॉल व पाणी यांचे मिश्रण आत सोडण्याची योजना केली गेली. शक्ती मिळे २१५ अश्वशक्ती, म्हणजे घनइंचास एक.

परंतु हे मिश्रण मालकाने वेळोवेळी टाकीत भरावयाचे होते. ते संपले की संरक्षक झडप टर्बोचा दाब मर्यादित करी आणि गाडीचा जोर ओसरे. पुष्कळ मालकांकडून ही टाकी भरली जाईना. १९६३ नंतर जेटफायर बंद झाली. पुढे कंपनीने काही गाड्यांवरील टर्बो उतरवून तेथे चार नळ्यांचा साधा कार्ब्युरेटर बसवून दिला. ही गोष्ट बोलकी आहे. काढला गेला तो टर्बो, कार्ब्युरेटर राहिला! उलट, साधी योजना असलेली टर्बो कॉर्व्हेअर १९६६ पर्यंत चालली आणि १९६५ पासून तिची शक्ती १८० पर्यंत चढली.

अलीकडच्या स्थानाला मर्यादा होत्या, हे मान्य केले पाहिजे. पेट्रोलमिश्रित हवेला लांबचा प्रवास करावा लागे आणि थंडीत पेट्रोल नळ्यांच्या भिंतींना चिकटे. दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर मध्ये बसविणेही अवघड होते, कारण त्यात पेट्रोल साचून भडका उडण्याचा धोका असे.

पलीकडच्या स्थानी या अडचणी टळतात, पण कार्ब्युरेटरलाच दाबात राहावे लागते. कोठीवरही तोच दाब पोचविला नाही, तर पेट्रोल जेटमधून येण्याऐवजी मागे रेटले जाईल. पंपाचा दाबही हवेच्या दाबाबरोबर वाढला पाहिजे. समजा, पंप एरवी ४ पौंडांचा दाब देतो आणि टर्बो ८ पौंडांचा. तर पंपाला १२ पौंड देता आले पाहिजेत. हा प्रश्न युरोपात सोडविला गेला. १९८० च्या लोटस एस्प्रिट टर्बोने दोन देलॉर्तो कार्ब्युरेटरांवर २१० अश्वशक्ती मिळविली. १९८१ च्या मासेराती बायटर्बोत वेबर कार्ब्युरेटर बंद पेटीत ठेवून ती पेटीच दाबाखाली आणली होती. १९८५ च्या रेनॉ ५ जीटी टर्बोत सोलेक्स कार्ब्युरेटर आणि इंटरकूलर एकत्र नांदले, आणि १३९७ घनसेंटिमीटरांतून ११५ अश्वशक्ती निघाली.

मग कार्ब्युरेटर गेला का? ब्युइकच्या ३.८ लिटरच्या टर्बो इंजिनाचा दाखला येथे उपयोगी पडतो. १९८३ मध्ये कार्ब्युरेटरसह त्याची शक्ती १८० होती. १९८४ मध्ये इंजेक्शनसह २००. १९८६ मध्ये इंटरकूलर आल्यावर २३५. प्रत्येक टप्प्यावर इतर बदलही झाले. तरीही केवळ इंजेक्शनमुळे शक्तीत क्रांती झाली, असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही. निर्णायक कारण धुराड्याच्या टोकाशी होते. अमेरिकेतील १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर धुराचे शुद्धीकरण आवश्यक झाले. त्यासाठी पुढे आलेल्या त्रिविध उत्प्रेरकाला एक भाग पेट्रोलास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा, हे प्रमाण क्षणोक्षणी राखलेले लागते. इंजेक्शनला हे सहज साधले. कार्ब्युरेटरलाही विजेच्या साह्याने आज्ञा देता येई, पण तितकी अचूक नव्हे.

तात्पर्य, टर्बोने कार्ब्युरेटरला हरविले नाही. जो प्रश्न त्याला विचारला गेला, तो त्याने दोन रीतींनी सोडविला होता. पुढे प्रश्नच बदलला. लुप्त झालेल्या वस्तूचे मूल्यमापन तिच्या काळाच्या प्रश्नांनी करावे, नंतरच्या प्रश्नांनी नव्हे, हे पथ्य भाषेच्या अभ्यासात पाळले जाते. ते यंत्रांच्या इतिहासातही पाळले जावे, इतकेच येथे सुचवावयाचे आहे.