अमिगुरुमी म्हणजे काय? क्रोशाचं पहिलं छोटं खेळणं घरी कसं विणायचं?

बॅगेला लटकणारी मधमाशी, गाडीच्या आरशापाशी झुलणारा ऑक्टोपस, तळहातावर मावणारं पिवळं पिल्लू. इन्स्टाग्रामवर अशी लोकरीची खेळणी तुम्ही नक्की पाहिली असतील. स्वेटर मशीनवर विणले जातात, पण ही खेळणी आजही हातानंच विणावी लागतात. त्यांना अमिगुरुमी म्हणतात. जपानी भाषेत 'अमी' म्हणजे विणलेलं आणि 'नुईगुरुमी' म्हणजे आत भरण असलेली बाहुली. या दोन शब्दांतून हा शब्द तयार झाला. 2000 नंतर इंटरनेटमुळे ही कला जपानबाहेर झपाट्यानं पसरली.

कला नवी, टाका जुनाच

नाव परकं असलं तरी टाका आपल्या घरातलाच आहे. दारावरचं क्रोशाचं तोरण, टीव्हीवरचा रुमाल, बाळाची कुंची ज्या हातांनी विणली, त्यांना अमिगुरुमी शिकायला एक दुपार पुरते. कारण यात जवळजवळ सगळं काम एकाच टाक्यात होतं, तो म्हणजे मुका खांब.

नवशिक्यांचा पहिला घोळ इथेच होतो. अमेरिकन व्हिडिओत मुक्या खांबाला 'सिंगल क्रोशे' म्हणतात, तर ब्रिटिश पुस्तकात त्याच टाक्याला 'डबल क्रोशे'. नमुना कुठला आहे हे न पाहता विणलं, तर खेळण्याऐवजी जाळी तयार होते. आजीचा 'मुका खांब' मात्र कुठेही मुका खांबच राहतो. त्यामुळे शंका आली तर व्हिडिओआधी घरातल्या जाणत्या बाईला विचारलेलं बरं.

लोकर कोणती घ्यायची?

अहिल्यानगर जिल्हा मेंढपाळांचा. जिल्ह्याला ज्यांचं नाव मिळालं त्या अहिल्यादेवींचा जन्मही जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा, धनगर घरातला. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात दख्खनी मेंढीवर संशोधन चालतं. पण या मेंढीची लोकर जाड आणि भरड असते. ती घोंगडीला उत्तम, बाळाच्या गालाला टोचणारी. दुकानात 'लोकर' म्हणून जो गुंडा मिळतो, तो बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिकचा असतो. शिकण्यासाठी तोच चांगला, कारण तो स्वस्त आहे आणि चुकलं तर उसवून पुन्हा विणता येतो. मध्यम जाडीची, फिक्या रंगाची लोकर घ्या. काळ्या लोकरीत टाके दिसत नाहीत, म्हणून पहिल्या खेळण्यासाठी काळा रंग नकोच.

सुई 2.5 ते 3 मिलिमीटरची घ्या. गुंड्याच्या चिठ्ठीवर साधारण 4 मिलिमीटर लिहिलेलं असलं तरी मुद्दाम बारीक सुई वापरायची. वीण घट्ट झाली नाही तर भरण भोकांतून डोकावतं.

सहाचा पाढा

सपाट गोल विणताना दर फेरीत सहा टाके वाढवायचे. सहाच का? वर्तुळाची त्रिज्या जेवढी वाढते, त्याच्या सुमारे 6.28 पट परीघ वाढतो. मुका खांब जवळपास जेवढा रुंद तेवढाच उंच असतो, म्हणून एका फेरीला सहाच्या आसपास जादा टाके लागतात. वाढवणं थांबवलं की कड वर वळते आणि वाटी तयार होते. मग घटवत गेलं की चेंडू होतो. बहुतेक सगळी अमिगुरुमी अशा चेंडू, नळ्या आणि शंकूंची जोडणीच असते.

पहिलं खेळणं: कोंबडीचं पिल्लू

लोकरीच्या सरकत्या फासात सहा मुके खांब विणा. हा फास, म्हणजे 'मॅजिक रिंग', जमत नसेल तर दोन साखळ्या घालून पहिल्या साखळीत सहा खांब घाला. पुढच्या फेऱ्या अशा:

फेरी 2: प्रत्येक टाक्यात दोन, एकूण 12.
फेरी 3: एक साधा, पुढच्यात दोन, एकूण 18.
फेरी 4: दोन साधे, पुढच्यात दोन, एकूण 24.
फेरी 5 ते 8: न वाढवता 24.
फेरी 9: दोन साधे, मग दोन टाके मिळून एक, एकूण 18.
फेरी 10: एक साधा, मग दोन मिळून एक, एकूण 12. आता भरण भरा.
फेरी 11: दोन-दोन मिळून एक, एकूण 6. लोकर कापून टोक सुईत ओवा, सहाही टाक्यांतून फिरवून ओढा आणि शेवट आत दडवा.

साडेचार-पाच सेंटिमीटरचा गोळा तयार होईल. फेरी गोल-गोल चालते, जोड दिसत नाही. त्यामुळे प्रत्येक फेरीच्या पहिल्या टाक्यात वेगळ्या रंगाचा धागा अडकवा. हा धागा लावायचा कंटाळा केला की मोजणी चुकते आणि गोळा वाकडा होतो. इंग्रजी 'व्ही'सारखे दिसणारे टाके बाहेरच्या बाजूला हवेत. पंखांसाठी 12 टाक्यांच्या दोन चकत्या विणा, अर्ध्यात दुमडा आणि शिवा. चोच केशरी लोकरीनं भरतकामासारखी काढा.

भरण म्हणून शेवगाव-पाथर्डीचा कापूस हाताशी असला तरी तो धुतल्यावर गोळा होतो आणि आतून लवकर वाळत नाही. उशीतला पॉलिस्टर फायबर सोयीचा. गोळा टणक होईपर्यंत भरा, मात्र टाके ताणले जायला नकोत.

डोळे: इथे सौंदर्य नंतर

बाजारात प्लॅस्टिकचे 'सेफ्टी आय' मिळतात. नावात 'सेफ्टी' असलं तरी तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्याला ते लावू नयेत. मूल खेळणं चावतं, टाके सैल होतात, डोळा निसटून घशात अडकू शकतो. बटण आणि मणी यांचाही धोका तोच. बाळासाठी डोळे काळ्या लोकरीनं भरूनच काढा. लांब दोरी किंवा लटकन लावू नका. देण्याआधी प्रत्येक जोड ओढून पाहा.

विकायचं असेल तर

बचत गटांच्या 'साईज्योती'सारख्या प्रदर्शनांत किंवा इन्स्टाग्रामवर खेळणी विकायचा विचार असेल, तर एक नियम माहीत हवा. खेळण्यांच्या गुणवत्ता नियंत्रणाचा 2020 चा केंद्रीय आदेश 1 जानेवारी 2021 पासून लागू आहे. 14 वर्षांखालच्या मुलांनी खेळावं म्हणून बनवलेल्या वस्तूंवर त्यानुसार आयएसआय चिन्ह लागतं. घरगुती विणकाम करणाऱ्या अनेकींना हे ठाऊकच नसतं. मात्र केंद्राच्या हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या खेळण्यांना यातून सूट आहे. ही सूट डिसेंबर 2020 च्या दुरुस्तीनं मिळाली. त्याच कार्यालयाकडून कारागिरांना 'पहचान' ओळखपत्र मिळतं. विक्री सुरू करण्याआधी त्यासाठी अर्ज करून ठेवावा.