एकाच माशाचे चार आजार: फायटरच्या उपचारातील क्रमविचार

दुकानदार आणि हौशी मंडळी ज्याला सरसकट ‘फायटर’ म्हणतात, तो बेट्टा स्प्लेंडेन्स मासा सहसा एकट्यादुकट्या आजाराने अंथरूण धरत नाही. शेपटीच्या कडा झिजलेल्या, पाठीवर करडा-पांढरा डाग, पोट फुगलेले, कल्ल्यांजवळ पिवळसर झाक आणि मासा तळाशी कलंडलेला. हे पाहून मालक दुकानात जातो आणि चार औषधे घेऊन येतो. निळे पर कुजण्यावर, हिरवे ठिपक्यांवर, पिवळी पूड जंतूंवर आणि वरून मूठभर मीठ. दुसऱ्या दिवशी मासा मेलेला सापडतो. तो रोगाने मेला की औषधाने, हे सांगायला कोणताही पुरावा उरत नाही.

अशा माशासाठी कोणकोणती औषधे आणायची, हा प्रश्न नंतरचा आहे. आधी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात: यांपैकी कोणता आजार सर्वांत लवकर मारणार आहे, कोणत्या आजाराने दुसऱ्याला वाट करून दिली आणि कोणता उपचार दुसऱ्याच्या आड येतो. हे ठरले की औषधांची यादी आपोआप आखडते. बहुतेक वेळा ती एका, फार तर दोन औषधांवर येऊन थांबते.

पहिला आजार पाण्याचा

फायटरच्या कल्ल्यांच्या वर एक घडीदार अवयव असतो. त्याला लॅबिरिंथ म्हणतात. त्याच्या जोरावर हा मासा पृष्ठभागावर येऊन हवेतला प्राणवायू थेट घेतो. त्यामुळे कमी प्राणवायूच्या पाण्यात तो तग धरतो आणि त्यातूनच ‘याला थोडे पाणी चालते’ हा व्यापाऱ्यांचा लाडका समज जन्माला आला. थायलंडच्या भातखाचरांतले पाणी उथळ असते हे खरे, पण ते दूरवर पसरलेले असते आणि त्यात वनस्पती असतात, चिखलात जीवाणू असतात. दोन लिटरच्या काचेच्या गोळ्यात यातले काहीच नसते. हवा घेता येते म्हणून गुदमरणे टळते, विषबाधा टळत नाही.

विष म्हणजे प्रामुख्याने अमोनिया. माशाच्या कल्ल्यांतून आणि उरलेल्या अन्नातून तो सतत पाण्यात मिसळतो. रुळलेल्या फिल्टरमधले जीवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतात. फिल्टर नसलेल्या भांड्यात ही साखळी जवळजवळ नसतेच. तपासणी संचावर दिसतो तो एकूण अमोनिया, पण घातक असतो त्याचा मुक्त भाग, आणि तो किती हे पाण्याच्या पीएचवर व तापमानावर ठरते. २५ अंश सेल्सियसला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाचा सुमारे ०.६ टक्के भाग मुक्त असतो. पीएच ८ झाला की तोच सुमारे ५ टक्क्यांवर जातो. म्हणजे लिटरमागे १ मिलिग्रॅम असे एकच वाचन एका भांड्यात निभावून नेण्याजोगे असते आणि दुसऱ्यात कल्ले जाळणारे. लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम मुक्त अमोनियापासून कल्ल्यांना इजा होऊ लागते, असे सर्वसाधारणपणे धरतात.

घाबरलेला मालक बरेचसे किंवा सगळे पाणी एकदम बदलतो आणि मासा दगावतो, त्याचे एक कारण इथेच आहे. जुन्या, साचलेल्या पाण्याचा पीएच उतरलेला असतो, त्यामुळे अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात पडून असतो. त्यात अर्धी टाकी बोअरवेलचे क्षारयुक्त पाणी ओतले की पीएच उसळतो आणि उरलेला अमोनिया घातक रूप घेतो. टाकी पूर्ण रिकामी केली तर अमोनिया जातो, पण माशाला पीएच आणि तापमानाचा झटका बसतो. म्हणून रोज २५ ते ३० टक्के पाणी बदलावे. नवे पाणी आधीच्याच तापमानाचे असावे आणि नळाचे असेल तर त्यात अँटीक्लोरीन टाकलेले असावे.

तापमानाचाही विचार हवा. या माशाला २५ ते २८ अंश मानवतात. पुण्या-नाशिकच्या जानेवारीत खिडकीजवळच्या उघड्या भांड्यातले पाणी पहाटे २० अंशांच्या खाली सहज जाते. तेव्हा पचन मंदावते आणि रोगप्रतिकारशक्तीही मंदावते. तिथे ‘आळशी झालाय’ म्हणून जे सांगितले जाते ती बहुधा थंडी असते. नागपूरच्या मे महिन्यात अडचण उलटी होते, कारण गरम पाण्यात मुक्त अमोनियाचे प्रमाण वाढते आणि काही जीवाणूही फोफावतात.

एक आजार दुसऱ्याला कसा आणतो

गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात आजूबाजूच्या पाण्यापेक्षा क्षार कितीतरी जास्त असतात. त्यामुळे पाणी कल्ल्यांतून आणि कातडीतून सतत आत शिरत असते आणि मूत्रपिंड ते पातळ मूत्राच्या रूपाने सतत बाहेर टाकत असते. कातडीवरचा बुळबुळीत थर, खवले आणि कल्ले शाबूत असतात तोवर हा हिशेब जमतो. अमोनियाने कल्ले भाजले, जीवाणूंनी कातडी कुरतडली किंवा परजीवीने ती सच्छिद्र केली की आत येणारे पाणी वाढते. मूत्रपिंड थकते, अंगात पाणी साठते आणि शेवटी खवले उभे राहतात. यालाच आपण जलोदर म्हणतो. तो स्वतंत्र रोग नसून अवयव निकामी होत आल्याची खूण आहे, आणि बहुतेक वेळा ती साखळीतली शेवटची कडी असते. म्हणूनच ‘जलोदरावर कोणते औषध?’ या प्रश्नाला चांगले उत्तर नाही.

आपल्या उदाहरणातल्या माशात ही साखळी उघड दिसते. थंड, फिल्टरविना भांडे, वाढलेला अमोनिया, भाजलेले कल्ले, बुळबुळीत थर गेल्याने पाण्यात आधीपासूनच असलेल्या जीवाणूंना मिळालेली संधी, आणि त्यातच नव्या वनस्पतीबरोबर आलेला एखादा परजीवी. पर कुजवणारे एरोमोनास आणि स्यूडोमोनास हे जीवाणू जवळपास प्रत्येक टाकीत असतात. ते बाहेरून आलेले शत्रू नाहीत, घरातलेच आहेत. दुबळा मासा दिसला की ते पुढे सरसावतात.

खुणा वाचताना

सर्वांत जास्त घोटाळा पांढऱ्या डागांच्या बाबतीत होतो. लांब तंतूंचा, पाण्यात हलणारा पुंजका जखमेवर उगवला असेल तर ती खरी बुरशी. सपाट, करड्या-पांढऱ्या कडांचा डाग पाठीवर किंवा तोंडाभोवती पसरत असेल तर तो बहुधा कॉलमनारिस, म्हणजे फ्लेव्होबॅक्टेरियम कॉलम्नारे या जीवाणूचा आजार. याला बुरशी समजून बुरशीचे औषध देण्यात दोन दिवस जातात आणि कॉलमनारिसच्या बाबतीत दोन दिवस म्हणजे कधीकधी अख्खे आयुष्य. ओळखण्याची सोपी रीत म्हणजे त्याच कोनातून, त्याच प्रकाशात बारा तासांच्या अंतराने फोटो काढणे. डाग ठळकपणे वाढला असेल तर कॉलमनारिस धरून चालावे.

पिवळसर झाक अंधारात टॉर्च तिरका धरून पाहावी. अंगावर हळदीची बारीक पूड शिंपडल्यासारखे दिसले तर ते व्हेल्व्हेट, म्हणजे पिसिनूडिनियम हा एकपेशीय परजीवी. मिठाच्या दाण्याएवढे, मोजता येतील असे सुटे ठिपके असतील तर तो इच. फुगलेले पोट पाहताना नजर वरून टाकावी. खवले अंगाला चपखल बसलेले असतील तर बद्धकोष्ठ किंवा जास्तीचे खाणे संभवते, मादी असेल तर अंडी असू शकतात. खवले सुटे सुटे उभे दिसले तर तो जलोदर. पर फाटण्याबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. लांबलचक परांच्या हाफमून जातीचे नर स्वतःचीच शेपटी चावतात. रात्रीत स्वच्छ तुकडा गेला असेल तर तो चावा असतो. कुजणे कडेकडेने, काही दिवसांत, काळपट किंवा पांढऱ्या रेषेसह पुढे सरकते. चावलेल्या शेपटीला औषधाची गरज नसते.

उपचार एकमेकांच्या आड येतात तेव्हा

इचचा परजीवी कातडीखाली असताना त्याच्यावर औषध चालत नाही. पाण्यात मोकळा पोहत असतानाच तो मरतो. म्हणून तापमान ३० अंशांवर नेऊन त्याचे चक्र वेगवान करतात. पण कॉलमनारिसला ऊब मानवते आणि गरम पाण्यात तो अधिक जहाल होतो. दोन्ही असल्याची शंका असेल तर तापमान वाढवू नये. २५-२६ अंशांवर स्थिर ठेवावे आणि इचसाठी मिठावर भिस्त ठेवावी. लिटरमागे १ ते ३ ग्रॅम मीठ, दहा दिवसांपर्यंत, दोन्ही आजारांना जाचक ठरते आणि माशाच्या मूत्रपिंडावरचा ताणही कमी करते.

जलोदरात मात्र साध्या मिठाऐवजी एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, वापरणे बरे. ते अंगातले पाणी बाहेर काढायला मदत करते आणि बद्धकोष्ठातही उपयोगी पडते. प्रमाण २० लिटरला १ ते ३ लहान चमचे. पण हेच मॅग्नेशियम टेट्रासायक्लिन गटातल्या प्रतिजैविकांना बांधून टाकते. कडक पाण्यातले कॅल्शियमही तेच करते. म्हणजे एप्सम सॉल्ट आणि ऑक्सिटेट्रासायक्लिन एकाच पाण्यात टाकणारा माणूस दोन्ही औषधे दिल्याचे समाधान मिळवतो, माशाला प्रतिजैविक फारसे मिळतच नाही. मासा खात असेल तर ते अन्नातून द्यावे. खात नसेल तर दुसऱ्या गटाचे निवडावे. माणसांच्या कॅप्सूल फोडून अंदाजाने पाण्यात टाकण्याची पद्धत माझ्या मते आपल्याकडच्या या छंदातली सर्वांत वाईट सवय आहे. मात्रा चुकते, मासा वाचत नाही आणि त्या पाण्यातून औषधाला दाद न देणारे जीवाणू गटारात जातात. या औषधांना चिठ्ठी लागते ती उगाच नाही. मासे पाहणारा पशुवैद्य सहज सापडत नाही, तरी विचारून पाहावा.

मिथिलीन ब्लू बुरशीवर आणि नायट्राइटच्या विषबाधेवर चांगले. पण मुख्य टाकीत टाकले तर फिल्टरमधले उपकारक जीवाणूही मरतात आणि आठवडाभरात अमोनिया परत येतो. तांबेयुक्त औषध व्हेल्व्हेटवर प्रभावी आहे, पण मृदू पाण्यात त्याची उपयुक्त मात्रा आणि घातक मात्रा यांत फारसे अंतर उरत नाही. अमोनिया शोषण्यासाठी ठेवलेला झिओलाइट मीठ टाकताच शोषलेला अमोनिया पाण्यात परत सोडतो. फिल्टरमधला कोळसा औषधच शोषून घेतो. ही यादी पाहिली की चार औषधे एकत्र करण्याचा मोह ओसरावा.

क्रम

आता त्या माशाकडे वळू. विषारी पाणी तासांत मारते, कॉलमनारिस एक ते तीन दिवसांत, कल्ल्यांवर पसरलेले व्हेल्व्हेट काही दिवसांत, जलोदर साधारण आठवड्यात. पर कुजणे आठवडे घेते. उपचारही याच क्रमाने.

पहिल्या तासात औषध नाही. पाणी तपासायचे, मासा आठ-दहा लिटरच्या साध्या, वाळूविरहित टबात हलवायचा, हीटरने तापमान हळूहळू २६ अंशांवर आणायचे. पाण्याची खोली दहा-बारा सेंटिमीटरच ठेवायची, कारण थकलेल्या फायटरला श्वासासाठी वर यावेच लागते आणि खोल पाण्यात तेवढी धावही त्याला जड जाते. टब झाकून अंधार करायचा. पिसिनूडिनियममध्ये हरितद्रव्य असल्यामुळे अंधाराने ते दुबळे होते. एकट्या अंधाराने व्हेल्व्हेट बरे होत नाही, पण यात काही बिघडतही नाही. दोन-तीन दिवस खायला द्यायचे नाही. पोट नुसतेच फुगलेले असेल तर बरेचदा एवढ्यानेच उतरते. नंतर डॅफ्निया द्यावा. उकडलेला वाटाणा भरवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण हा कीटकभक्षी मासा आहे.

बारा तासांत डाग पसरला तर प्रतिजैविक सुरू करायचे आणि पूर्ण मुदत संपेपर्यंत चालवायचे. खवले बसलेले असतील तर सोबत मीठ चालेल. उभे असतील तर मीठ नाही, एप्सम सॉल्ट, आणि टेट्रासायक्लिन गट बाद. पर कुजण्याला वेगळे औषध लागत नाही. स्वच्छ पाणी आणि हेच प्रतिजैविक पुरते. व्हेल्व्हेटचे औषध त्यानंतर, मधे एक-दोन दिवस स्वच्छ पाण्याचे जाऊ देऊन. कल्ले फार वेगाने चालत असतील आणि पूड कल्ल्यांवरच दाट असेल तर मात्र क्रम उलटावा लागतो. हा निर्णय मासा पाहूनच होतो, कागदावर होत नाही.

रोज ३ लिटर पाणी बदलले तर औषध आणि मीठ त्या ३ लिटरपुरतेच पुन्हा टाकायचे. बाष्पीभवनाने कमी झालेले पाणी भरताना मीठ टाकायचे नाही, कारण पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. कोकणात अंगणोअंगणी पडणारे देशी बदामाचे वाळलेले पान टबात ठेवायला हरकत नाही. त्यातली टॅनिन्स सौम्य जंतुरोधक आहेत. पण बोअरवेलच्या क्षारयुक्त पाण्याचा पीएच ते फारसे हलवत नाही आणि औषधाची जागाही घेत नाही.

काही मासे वाचत नाहीत. खवले पूर्ण उभे, दोन्ही डोळे बाहेर आलेले आणि आठवडाभर अन्नाला तोंड न लावलेला मासा क्वचितच परततो. मासा खात असूनही खंगत गेला, पाठ वाकली, जखमा बऱ्या होईनात, तर मायकोबॅक्टेरियमची शंका घ्यावी. त्यावर घरगुती उपचार नाही आणि तो जीवाणू हाताच्या जखमेतून माणसालाही लागतो, म्हणून हातमोजे घालावेत. अशा वेळी माशाला शांतपणे मरण देण्यासाठी लवंग तेल कोमट पाण्यात जोरात हलवून मिसळावे. आधी माशाच्या भांड्यात थोडेच टाकावे. तो निपचित पडला की लिटरमागे सुमारे ०.४ मिलिलिटर होईल इतके बाकीचे टाकावे आणि कल्ले थांबल्यावरही अर्धा तास त्याला तसेच ठेवावे. जिवंत मासा शौचकुपात सोडणे किंवा फ्रीझरमध्ये ठेवणे याला दया म्हणता येत नाही. त्यानंतर टब, जाळी आणि हीटर पूर्ण वाळवावेत. मायकोबॅक्टेरियमची शंका असेल तर जाळी आणि स्पंज फेकून द्यावेत.