कल्याणीच्या राजाचे आमिष

गळ टाकून पाण्याकाठी बसणाऱ्या माणसापुढे पहिला प्रश्न असतो तो आमिषाचा. पाण्याखालच्या त्या अदृश्य जिवास काय रुचेल, हे त्याला वरून ओळखावयाचे असते. या प्रश्नाची उत्तरे निरनिराळ्या काळी निरनिराळी दिली गेली. आणि त्यांपैकी एक अत्यंत महत्त्वाचे उत्तर आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण येथे, म्हणजे चालुक्यांच्या कल्याणी राजधानीत, लिहिले गेले.

विक्रमादित्य सहावा याचा पुत्र तिसरा सोमेश्वर 1126 च्या सुमारास गादीवर आला आणि 1138 पर्यंत त्याने राज्य केले. त्याच्या नावावर असलेला ‘मानसोल्लास’ हा शंभर अध्यायांचा संस्कृत ग्रंथ इ. स. 1129 च्या सुमारास सिद्ध झाला. मराठी वाचकांस तो परिचित आहे तो मुख्यत्वे ओवीमुळे. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे. परंतु त्याच ग्रंथाच्या विनोदविंशतीत ‘मत्स्यविनोद’ नावाचे एक प्रकरण आहे, आणि ते सर्वस्वी गळाच्या शिकारीस वाहिलेले आहे.

या प्रकरणात समुद्रातील व गोड्या पाण्यातील मिळून सुमारे पस्तीस जातींचे मासे आले आहेत. खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, लहान कोणते, मोठे कोणते, कोण कोठे राहतो, याची वाटणी केलेली आहे. त्यानंतर येतो तो खाद्याचा विचार. सर्वांना एकच आमिष चालत नाही. कुणास पीठ-पेंडीचे गोळे, कुणास मांस, अशी ज्याची त्याची आवड सांगितलेली आहे. आधी मासा ओळखावा, मग त्याचे अन्न ओळखावे आणि त्यानंतरच गळ टाकावा, असा हा क्रम आहे.

मांजरा आणि भीमा या नद्यांचे पावसाळ्यातील पाणी ज्याने पाहिले असेल, त्यास या क्रमाचे मर्म पटेल. काळ्या मातीने गढूळलेल्या पाण्यात दृष्टी फार दूर पोहोचत नाही. तेथे वास आणि चव यांचाच आधार मोठा. मिशा असलेले मासे तर त्या मिशांनीच अन्नाचा ठाव घेतात.

नितळ पाण्याच्या प्रदेशात मात्र माणसाचे लक्ष रंगाकडे वळले. इ. स. 200 च्या सुमारास ईलियन या रोमन लेखकाने मॅसिडोनियातील कोळी गळाभोवती तांबडी लोकर गुंडाळतात, असे लिहून ठेवले आहे. 1949 साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन या शहरी निक क्रीम यांनी बास नावाच्या माशासाठी मऊ प्लास्टिकचे गांडूळ तयार केले, आणि पुढे काळ्या, जांभळ्या, निळ्या, हिरव्या गांडुळांनी तेथील दुकाने भरून गेली. कोणता रंग निवडावा, यावर शिकाऱ्यांत वाद माजले. 2019 साली इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी प्रत्यक्ष त्या माशासच विचारले, असे म्हणता येईल. निरनिराळ्या रंगांवर शिकवून पाहता आढळले ते असे की, बास तांबडा आणि हिरवा हे रंग चांगले ओळखतो. पण काळा व निळा, तसेच पिवळसर पोपटी व पांढरा यांत त्याची गल्लत होते. तेव्हा दुकानातील कित्येक रंगभेद मोहात पाडतात ते माशाला नव्हे, तर गिऱ्हाइकाला!

मत्स्यविनोदाला पुन्हा उजाळा मिळाला तो विसाव्या शतकात. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत गजानन श्रीगोंदेकर यांनी मानसोल्लास संपादिला, आणि 1951 साली मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सुंदरलाल होरा यांनी या प्रकरणावर स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला.

तथापि एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. पस्तीस माशांच्या आवडीनिवडी राजवाड्याच्या सौधावरून कळत नाहीत. त्या कळतात पिढ्यान्‌पिढ्या पाण्यात उभे राहिलेल्यांना. हे ज्ञान कोळ्या-भोयांसारख्या लोकांचे असले पाहिजे. ग्रंथावर नाव मात्र सोमेश्वराचे आहे. त्यांपैकी एकाचेही नाव इतिहासास ठाऊक नाही.

आणि याच कल्याणीत, त्याच शतकाच्या उत्तरार्धात, बसवेश्वरांच्या शरणांमध्ये अंबिगर चौडय्या नावाचा एक नावाडी होऊन गेला. इतर वचनकार आपल्या वचनाच्या शेवटी इष्टदेवतेचे नाव घालीत. चौडय्याने तेथे स्वतःचेच नाव घातले. सोमेश्वरामागे थोड्याच दशकांत, पाण्यावर जगणाऱ्या माणसाने त्या नगरीत आपली सही उमटविली. मत्स्यविनोद वाचताना राजाच्या विद्वत्तेचे कौतुक अवश्य करावे. पण त्या पानांमागे उभ्या असलेल्या, सही न करता गेलेल्या माणसांचेही स्मरण ठेवावे, हेच न्याय्य होय.