फाटलेलं स्कोअरकार्ड, कर्नल बोगी आणि क्लबचं फाटक

आजचा एपिसोड गोल्फवर आहे. थांबा, लगेच स्किप करू नका. मलाही गोल्फ म्हणजे पांढरी टोपी, मऊ हिरवळ आणि आपल्या पगारात न बसणारी फी एवढंच वाटायचं. पण गेल्या महिन्यात कॉलेजच्या मित्राचा मेसेज आला. तो सध्या इंग्लंडमध्ये असतो, तिथल्या गावातल्या एका क्लबात नुकताच मेंबर झालाय. मेसेज असा होता: "आज क्लबच्या टीमकडून मॅच जिंकलो. २ अँड १."

हा तोच माणूस, ज्याला हॉस्टेलच्या क्रिकेटमध्ये आम्ही अकरावा म्हणून घ्यायचो. मी विचारलं, समोरचा लंगडा होता का? तो म्हणाला, "नाही रे, माझ्यापेक्षा कितीतरी चांगला खेळतो. पण मला सतरा फटके सूट होती."

सतरा फटके सूट! आणि तरी दोघांनाही ती मॅच खरी वाटते. हे कसं काय, हे शोधत बसलो आणि दोन रविवार गेले. त्यातून हा एपिसोड झाला.

आधी या क्लबांचा सीझन कसा असतो ते बघू. मित्राने वर्षाचं वेळापत्रक पाठवलं, ते आपल्या गणेश मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेसारखं गच्च भरलेलं. दर महिन्याला 'मेडल', म्हणजे अठरा होलांचे सगळे फटके मोजायचे आणि कमी फटके त्याचा विजय. मधेमधे 'स्टेबलफर्ड' नावाची स्पर्धा. उन्हाळाभर चालणारी नॉकआउट, जिची प्रत्येक फेरी ठरावीक तारखेच्या आत दोघांनी आपापसात वेळ ठरवून खेळायची. कॅप्टनचा दिवस. आणि शेजारच्या क्लबांशी टीम मॅचेस, एकदा आपल्या मैदानावर, एकदा त्यांच्या. टीम मॅचमध्ये बहुधा होल-होल जिंकायचे असतात. 'टू अँड वन' म्हणजे दोन होलांची आघाडी आणि खेळायचा उरलाय फक्त एक. मॅच तिथेच संपली.

या सगळ्याची सुरुवात स्कॉटलंडमध्ये एडिंबराजवळच्या लीथला झाली असं धरतात. १७४४ साली तिथल्या गोल्फरांनी शहराकडून चांदीची एक काठी बक्षीस म्हणून मिळवली. स्पर्धेसाठी नियम हवेत, म्हणून तेरा नियम लिहून काढले. गोल्फचे आपल्याला माहीत असलेले सगळ्यात जुने लिखित नियम ते हेच. जिंकणारा वर्षभर कॅप्टन. पहिल्या वर्षी जिंकला जॉन रॅट्रे नावाचा एक सर्जन. ही मंडळी पुढे 'ऑनरेबल कंपनी ऑफ एडिंबरा गोल्फर्स' म्हणून ओळखली गेली. हे नाव लक्षात ठेवा, शेवटाकडे परत लागणार आहे.

आता मूळ अडचण. क्लबात दहा जण भारी खेळणारे आणि शंभर जण माझ्या मित्रासारखे. दर वेळी तेच दहा जण जिंकणार असतील, तर उरलेले शंभर कशाला येतील? क्लब चालतो तो तर या शंभरांच्या वर्गणीवर. म्हणून हँडिकॅप आला.

हा शब्द खेळातला नाहीच मुळी, बाजारातला आहे. इंग्लंडमध्ये वस्तूंच्या अदलाबदलीचा एक खेळ होता. दोघांच्या वस्तूंच्या किमतीत फरक असला की तिसरा माणूस वरचे पैसे ठरवायचा, आणि सौदा मान्य आहे की नाही हे दोघं टोपीत हात घालून दाखवायचे. 'हँड इन कॅप'. तिथून तो शब्द घोड्यांच्या शर्यतीत गेला, चांगल्या घोड्यावर जास्त वजन लादायला. आणि मग गोल्फमध्ये आला. कल्पना एकच: फरक मान्य करायचा, मोजायचा, आणि तो भरून काढून मग खेळायचं.

पण मोजायचं कशाच्या तुलनेत? १८९० मध्ये कॉव्हेंट्रीच्या ह्यू रॉदरहॅमने सुचवलं की प्रत्येक होलसाठी चांगल्या खेळाडूला लागावेत तेवढे फटके ठरवून ठेवा. मग समोर माणूस नसला तरी त्या आकड्याशी मॅच खेळता येईल. ग्रेट यार्मथच्या क्लबात या न दिसणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला नाव पडलं 'बोगी'. त्या काळात 'बोगी मॅन'चं, म्हणजे आपल्या बागुलबुवाचं, एक गाणं गाजत होतं. १८९२ मध्ये ही टूम गॉस्पोर्टच्या लष्करी क्लबात पोचली. तिथे प्रत्येक मेंबरला हुद्दा हवाच! नुसत्या मिस्टर बोगीशी खेळणार कसं? म्हणून त्याला कर्नल केलं. 'कर्नल बोगी' नावाचं मार्चिंग गाणं १९१४ चं, नाव तिथूनच आलेलं. 'ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' पाहिला असेल, तर कैदी शिट्टीवर वाजवतात ती तीच धून.

एक प्रश्न तरी उरलाच. समजा तुम्ही मेडल खेळताय. तिसऱ्या होलवर चेंडू वाळूच्या खड्ड्यात गेला, बाहेर निघता निघेना, अकरा फटके झाले. दिवस संपला. पुढचे पंधरा होल देवासारखे खेळलात तरी ते अकरा कार्डावर बसलेलेच. बरेच लोक तिथेच कार्ड फाडायचे आणि चहा प्यायला परत जायचे.

हे खटकलं एका डॉक्टरला. फ्रँक स्टेबलफर्ड हे सर्जन, बोअर युद्धात आणि पहिल्या महायुद्धात लष्करी वैद्यकीय सेवेत काम केलेले. १८९८ मध्ये वेल्समधल्या पेनार्थजवळच्या ग्लॅमॉर्गनशर क्लबात त्यांनी गुण देण्याची एक पद्धत करून पाहिली, पण ती मागे पडली. पुढे ते लिव्हरपूलसमोर, मर्सी नदीपलीकडच्या वॉलसी क्लबात खेळू लागले. आयरिश समुद्राचा वारा अंगावर घेणारं ते मैदान. १९३१ च्या अखेरीस तिथल्या दुसऱ्या होलवर सराव करताना त्यांना पुन्हा त्या कार्ड फाडणाऱ्यांचा विचार आला. १६ मे १९३२ ला वॉलसीमध्ये नव्या पद्धतीने पहिली स्पर्धा झाली.

पद्धत सोपी आहे. फटके मोजायचे नाहीत, प्रत्येक होलला गुण घ्यायचे. तुमची सूट धरून ठरलेल्या फटक्यांत होल संपला तर २ गुण. एक फटका जास्त लागला तर १. एक कमी लागला तर ३. दोन किंवा त्याहून जास्त लागले तर शून्य. मग चेंडू उचला, पुढच्या होलवर चला.

याने काय बदलतं, ते आकड्यांत बघा. मैदान पार ७२ चं. दोन खेळाडू, दोघांचा हँडिकॅप १८, म्हणजे दर होलला एक फटका सूट. पहिला सतरा होल पारपेक्षा एकेक फटका जास्त घेऊन खेळला आणि एका पार-चारवर अकरा फटके घेऊन बसला. एकूण ९६, सूट वजा करून ७८. दुसरा चौदा होल एकेक जास्त, चार होल दोन-दोन जास्त. एकूण ९४, सूट वजा करून ७६. मेडलमध्ये दुसरा जिंकला. आता स्टेबलफर्ड: पहिल्याचे सतरा गुणिले दोन, ३४. दुसऱ्याचे २८ अधिक ४, म्हणजे ३२. निकाल उलटा! डॉक्टरांनी एका चुकीच्या शिक्षेवर मर्यादा घातली, बस्स. आम्ही कोड लिहितो तेव्हा एका फंक्शनमध्ये एरर आली म्हणून अख्खं ॲप बंद पडू नये एवढं बघतो. त्यांनी तेच माणसासाठी केलं. आज जगभरातल्या क्लबांत ही पद्धत चालते.

इथवर मी खूश होतो. मग हे सगळं आमच्या मामांना सांगितलं.

मोठे मामा लहानपणी शाळा सोडून काही वर्षं एका गोल्फ मैदानावर कॅडी होते. नाव घेत नाही. साहेब लोकांच्या बॅगा खांद्यावर, उन्हात अठरा होल. मी उत्साहाने हँडिकॅपचं गणित समजावत होतो. ते शांतपणे म्हणाले, "अरे, मला तू काय सांगतोस? कोणाचा हँडिकॅप किती आणि कोण तो चोरून वाढवून ठेवतो, सगळं आम्हालाच माहीत असायचं." मी विचारलं, तुमचा किती होता? म्हणाले, "आमचा कोण लिहिणार? मैदान बंद असायचं त्या दिवशी आम्ही खेळायचो, जुन्या काठ्या घेऊन. चांगलं खेळायचो. पण कागदावर नाही."

ते 'कागदावर नाही' डोक्यात राहिलं. मग इतिहास दुसऱ्या बाजूने वाचला.

हँडिकॅप देशभर एका मापाने मोजायचं काम इंग्लंडमध्ये आधी बायकांनी केलं, हे मला माहीत नव्हतं. १८९३ मध्ये लेडीज गोल्फ युनियन स्थापन झाली, आणि इसेट पिअर्सन या सेक्रेटरींच्या नेतृत्वाखाली त्यांनी वेगवेगळ्या क्लबांतल्या खेळाडूंना एकाच पट्टीने मोजणारी पद्धत उभी केली. पुरुषांचे क्लब तेव्हा आपापल्या अंदाजाने चालले होते. आणि ती लीथची ऑनरेबल कंपनी? तेच आता म्युरफील्ड मैदानवाले. १७४४ मध्ये पहिले नियम लिहिणाऱ्या या क्लबाने बायकांना मेंबर करून घ्यायचा निर्णय घेतला २०१७ मध्ये. २७३ वर्षांनी. तेही २०१६ चं मतदान आधी फसल्यावर आणि ओपन स्पर्धा तिथे भरवणार नाही असं ऐकून घेतल्यावर.

कामगारांचंही तसंच. डेव्हनमधल्या नॉर्थम गावात १८८८ मध्ये कामगारांनी आपला वेगळा गोल्फ क्लब काढला. जे. एच. टेलर त्यातलाच. अकराव्या वर्षी शाळा सुटलेला, कॅडी म्हणून राबलेला. याने पुढे ओपन पाच वेळा जिंकली, पहिली १८९४ मध्ये. अशा 'आर्टिझन' क्लबांना बऱ्याच ठिकाणी मैदान मिळायचं ते ठरावीक वेळेलाच, आणि बदल्यात मैदानाची देखभाल करायची.

आणि दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचा पापवा सेवगोलम. भारतीय वंशाचा, कॅडी, लिहिता-वाचता न येणारा. काठी धरताना हात उलटे, पण १९५९ मध्ये डच ओपन जिंकून आला. जानेवारी १९६३ मध्ये डर्बन कंट्री क्लबात त्याने नाताळ ओपन जिंकली. वर्णभेदाच्या कायद्यामुळे तो क्लबहाऊसमध्ये जाऊ शकत नव्हता. गोरे खेळाडू आत आणि विजेता बाहेर, पावसात ट्रॉफी घेतोय. तो फोटो जगभर गेला. १९६५ मध्ये त्याने तीच स्पर्धा गॅरी प्लेअरला मागे टाकून पुन्हा जिंकली. नंतर सरकारने गोऱ्यांच्या स्पर्धांचे दरवाजेच त्याला बंद केले. १९७८ मध्ये तो गेला, गरिबीत.

आपल्याकडेही फाटकं होतीच. मुंबईत विलिंग्डन क्लब निघाला तो गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या काळात, युरोपियन आणि भारतीय दोघांनाही मेंबर होता यावं म्हणून. असा वेगळा क्लब काढावा लागला, यातच बाकीच्या क्लबांचं काय ते आलं. आणि कॅडीला नुसती संधी मिळाली तर काय होतं, ते दिल्लीच्या अली शेरने दाखवलं. कॅडी म्हणून सुरुवात केलेला हा माणूस १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकला.

मला या सगळ्यातून एकच गोष्ट कळली. हँडिकॅप, बोगी, स्टेबलफर्ड, या माणसांमधला फरक भरून काढणाऱ्या फार सुंदर युक्त्या आहेत. सतरा फटके सूट घेऊन जिंकलेल्याला कोणी भीक घातली असं म्हणत नाही, उलट त्याला न्याय म्हणतात. पण हा न्याय सुरू होतो पहिल्या टीवर, फाटकाच्या आत. फाटकावर कोणाला किती सूट द्यायची, हे गणित त्याच हुशार लोकांनी शेकडो वर्षं केलं नाही. जमत नव्हतं म्हणून नाही. फाटकाबाहेरच्याचं नाव त्यांच्या कार्डावरच नव्हतं.

मित्राला हे सांगितलं. तो थोडा गप्प झाला, मग म्हणाला, "पुढच्या वर्षी येतोय घरी. मामांना विचार, एक राऊंड खेळतील का?"

मामांना विचारलं. म्हणाले, "खेळीन की. पण बॅग ज्याची त्याने उचलायची."

आणि हो, या वेळी त्यांचं कार्ड मी लिहिणार आहे. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.