थोरली विजेची, धाकटी पेट्रोलची

जुने कोणते आणि नवे कोणते, हे ठरविणे वाटते तितके सोपे नाही. मोटारींचेच पाहा. लांब नाकाची, पेट्रोलवर गुरगुरणारी स्पोर्ट्स कार म्हणजे जुना जमाना आणि आवाज न करता सरकत जाणारी विजेची मोटार म्हणजे नवे युग, अशी वाटणी आज शाळकरी पोरानेही मनाशी करून टाकलेली असते. इतिहासाला मात्र ही वाटणी मान्य नाही. या दोघींत थोरली बहीण विजेची. तीच आधी जन्मली, तीच आधी नावारूपाला आली, आणि पुढे धाकटीने तिला घराबाहेर काढले. आज ती परत आली आहे, म्हणून आपण तिला नवी म्हणतो, इतकेच.

या विषयाकडे मी वळलो तो एका पत्रामुळे. माझा एक जुना विद्यार्थी जर्मनीत श्टुटगार्टजवळ इंजिनिअर आहे. शाळेत असताना तो वहीच्या मागल्या पानावर पोर्श गाडीची चित्रे काढीत बसे. आता हाती चार पैसे आले आहेत. त्याने लिहिले, "सर, तीस वर्षांपूर्वीची एक पोर्श ९११ विकाऊ आहे. बायको म्हणते, त्याच पैशांत विजेची नवी मोटार घ्या. मुलीला रोज शाळेत सोडायचे असते. गाडी ठेवायला जागा एकच. तुम्हीच सांगा, काय करू?" मी पडलो कादंबऱ्या लिहिणारा शाळामास्तर. माझ्या दाराशी सायकल आहे. यंत्राबद्दल मी त्या इंजिनिअरला काय शिकविणार? पण हीच निवड एकदा साऱ्या जगाने केली होती. ती कशी केली, हे तर मला सांगता येण्यासारखे होते.

१८८१ साली पॅरिसमध्ये ग्युस्ताव्ह त्रुव्हे या फ्रेंच कारागिराने विजेवर चालणारी तीन चाकी गाडी रस्त्यावर आणली. कार्ल बेंझने आपल्या पेट्रोल गाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला तो २९ जानेवारी १८८६ रोजी, म्हणजे पाच वर्षांनंतर. त्या गाडीवर लोकांचा विश्वास बसेना, तेव्हा १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेंझची बायको बेर्था दोन मुलांना बरोबर घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला, आपल्या माहेरी निघाली. शंभर किलोमीटरांहून लांबची ही वाट. वाटेत इंधन संपले, तेव्हा वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून तिने कपड्यांवरचे डाग काढण्याचे द्रव्य विकत घेतले आणि टाकीत ओतले. इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या पिनने मोकळी केली. आज ज्या पेट्रोल पंपांवाचून आपले पान हलत नाही, त्यांचा वंश असा एका औषधाच्या दुकानापासून सुरू होतो.

विजेची मोटार तोवर शहरांतून मिरवू लागली होती. १८९७ साली लंडनच्या रस्त्यांवर वॉल्टर बर्सी याच्या विजेच्या भाड्याच्या गाड्या धावू लागल्या. त्यांच्या गुणगुण्यामुळे लोकांनी त्यांना गुंजन करणाऱ्या पक्ष्याचे नाव दिले. दोन वर्षांत तो धंदा बुडाला, पण विजेची कीर्ती बुडाली नाही. २९ एप्रिल १८९९ रोजी पॅरिसजवळ आशेर येथे कामिय जेनात्झी या बेल्जियन गृहस्थाने ताशी १०५.८८ किलोमीटर वेगाने मोटार हाकली. ताशी शंभराची मर्यादा ओलांडणारी ही जगातली पहिली मोटार, आणि ती होती विजेची! तिचे नाव होते 'ला जामे कोंतांत', म्हणजे 'कधीच समाधान न पावणारी'. आपल्याकडे हे नाव एखाद्या खाष्ट सासूला शोभले असते. १९०० सालच्या अमेरिकेचा हिशेब पाहा. तेथे मोजल्या गेलेल्या ४,१९२ नव्या मोटारींत १,६८१ वाफेच्या, १,५७५ विजेच्या आणि पेट्रोलच्या अवघ्या ९३६ होत्या.

आता माझ्या विद्यार्थ्याच्या लाडक्या नावाकडे येतो. त्याच १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात व्हिएन्नाच्या लोनर कंपनीने एक मोटार मांडली. तिच्या पुढच्या दोन्ही चाकांतच विजेच्या मोटरी बसविलेल्या होत्या. गिअर नाही, साखळी नाही. ही करामत करणारा पंचविशीतला तरुण म्हणजे फर्डिनांड पोर्श. ज्याच्या नावाने पुढे स्पोर्ट्स कार ओळखली गेली, त्याने नाव काढले ते विजेच्या गाडीवर. पण त्या गाडीची बॅटरीच चारशे किलोंहून जड होती. हे ओझे पाहून पोर्शने लगेच दुसरी गाडी केली. तिच्यात पेट्रोलचे इंजिन वीज तयार करी आणि ती वीज चाके फिरवी. आज जिला आपण हायब्रिड म्हणतो, तिची ही पणजी.

मग थोरली हरली कशी? पहिले कारण शिशाचे. शिशाच्या बॅटरीत किलोमागे जितकी शक्ती साठते, तिच्या कितीतरी पट पेट्रोलात असते. दुसरे कारण रस्त्याचे. शहरात वीज होती, खेड्यात नव्हती. पेट्रोलचा डबा मात्र कोणत्याही वाण्याच्या दुकानात ठेवता येई. १९०१ च्या जानेवारीत टेक्सासमध्ये स्पिंडलटॉप येथे तेलाचा प्रचंड फवारा उसळला आणि इंधनाचा तुटवडा संपला. तिसरे कारण किमतीचे. हेन्री फोर्डने १९०८ साली 'मॉडेल टी' आणली ती ८५० डॉलरना. १९२५ पर्यंत तिची किंमत २६० डॉलरवर उतरली. विजेच्या गाडीला हे कधी जमले नाही.

तरी एक गोष्ट विजेच्या बाजूची होती. पेट्रोलची गाडी सुरू करायची तर पुढे उभे राहून हँडल मारावे लागे. ते उलटे फिरले तर मनगट मोडे. म्हणून डॉक्टर आणि शहरातल्या स्त्रिया विजेची गाडी पसंत करीत. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा स्टार्टर आला आणि हँडलाची धास्ती गेली. तो स्टार्टर म्हणजे बॅटरीवर चालणारी एक छोटी विजेची मोटरच. विजेच्या गाडीचा घात विजेनेच केला! आणखी एक कारण हिशेबाच्या वहीत सापडत नाही. विजेची गाडी म्हणजे बायकांची गाडी, असा एक शिक्का तिच्यावर बसला होता. आवाज नाही, धूर नाही, झटापट नाही, मग पुरुषाने ती चालवावी कशाला? जे गुण होते तेच दोष ठरले. संसारात असे कितीदा होते, हे वाचक भगिनींना मी सांगायला नको.

पुढचे अर्धशतक पेट्रोलचे. फर्डिनांडचा मुलगा फेरी याने १९४८ साली पोर्श ३५६ बनविली. १९६१ साली जिनिव्हात जॅग्वारची ई-टाइप आली, १९६३ साली फ्रँकफर्टमध्ये ९११ आली. या गाड्यांचे वेड मी थट्टेवारी नेणार नाही. मागच्या बाजूला हवेने थंड होणारे सहा सिलिंडरांचे इंजिन, हाताला कळणारा रस्ता, कानाने ओळखता येणारा गिअर. माणूस आणि यंत्र यांची अशी जवळीक पुन्हा सहजी होणार नाही. सतारीला जसा हात लागतो, तसा तिलाही लागतो.

थोरलीचे नशीब पालटले ते शिसे गेल्यावर. १९९१ साली सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, प्रथम कॅमेऱ्यांसारख्या छोट्या यंत्रांसाठी. २००८ साली टेस्लाने आपली पहिली रोडस्टर विकली. तिचा पाया लोटसच्या एलिझ या स्पोर्ट्स कारचा आणि पोटात तसल्याच ६,८३१ छोट्या बॅटऱ्या. २०१९ साली खुद्द पोर्श कंपनीने विजेची टायकान आणली. संस्थापकाच्या पहिल्या वाटेवर ती ११९ वर्षांनी परतली. दोघींना एकत्र नांदविण्याचाही यत्न झाला. मे २०१८ मध्ये इंग्लंडचा राजपुत्र हॅरी लग्नानंतर ज्या जॅग्वार ई-टाइपमधून निघाला, तिचे इंजिन काढून विजेची मोटर बसविलेली होती. जुन्या गाड्यांची जागतिक संघटना अशा बदलांवर नाराज आहे. इंजिन काढले की ती गाडी इतिहासाची साक्ष राहत नाही, असे तिचे म्हणणे, आणि मला ते पटते.

कायद्यानेही हा भेद ओळखला आहे. जर्मनीत तीस वर्षांहून जुनी, जतन केलेली गाडी असली तर तिच्या नंबराला 'एच' हे अक्षर जोडून मिळते आणि ती सांस्कृतिक ठेवा मानली जाते. आपल्याकडे २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हीए' अक्षरांचा नंबर दिला. पण ती प्रदर्शनाला न्यावी, रोज हाकू नये, अशी अट घातली. देवघरातली समई आणि अभ्यासाचा दिवा यांत जो फरक, तोच हा.

म्हणून मी विद्यार्थ्याला कळविले की, जागा एकच आणि वाट रोजची शाळेची, तर बायकोचे ऐक. विजेची गाडी निर्दोष आहे असे समजू नकोस. वीज करायला कोळसा अजून पुष्कळ ठिकाणी जळतो आणि बॅटरीतली धातूही कुणीतरी खाणीत घाम गाळून काढलेली असते. पण मुलीच्या शाळेच्या दारात धूर सोडायचा नाही, एवढे तरी तुझ्या हातात आहे. ती ९११ कुणा जाणकाराच्या हाती जाईल आणि जपली जाईल. तिला पाहायला तुमच्या गावातच पोर्शचे संग्रहालय आहे.

राहता राहिली एक बाई. मॉडेल टीने विजेच्या गाडीला बाजारातून उठविले, त्या हेन्री फोर्डची पत्नी क्लारा स्वतः कोणती गाडी चालवी? १९१४ ची डेट्रॉइट इलेक्ट्रिक! नवऱ्याच्या कारखान्यातून लाखो पेट्रोल गाड्या बाहेर पडत होत्या आणि ती आपली विजेच्या गाडीत बसून, हँडल न मारता, कपड्यांना तेलाचा डाग न लागू देता फिरायला जाई. तिची ती गाडी डिअरबॉर्न येथे फोर्डच्याच नावाच्या संग्रहालयाने जपून ठेवली आहे.