किशोरवयीन तंबाखूसेवन आणि रक्तसंक्रमण : वर्धा जिल्ह्यातील आरोग्यसंशोधनाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :

वर्धा जिल्ह्याचा आधुनिक इतिहास प्रामुख्याने राष्ट्रीय चळवळीच्या अंगाने लिहिला गेला आहे. सेवाग्राम, पवनार, जमनालाल बजाज व विनोबा भावे यांच्या कार्याभोवती तो फिरतो. सामान्य माणसाच्या शरीराचा, म्हणजेच त्याच्या आजारांचा, व्यसनांचा आणि उपचारांचा इतिहास मात्र तुलनेने उपेक्षित राहिला. हिंगणघाट तालुक्यातील अल्लीपूर हे कापूसपट्ट्यातील एक मोठे गाव आहे. अशा गावातील किशोरवयीन मुलगा खर्रा खातो की बिडी ओढतो, याची नोंद व्यसनविषयक पाहणीत होते. त्याच वयाच्या सिकलसेलग्रस्त मुलीला कितीदा रक्त चढविले, याची नोंद रुग्णालयाच्या दप्तरात होते. ही दोन दप्तरे सहसा एकमेकांशेजारी ठेवून वाचली जात नाहीत. प्रस्तुत शोधनिबंधात ती एकत्र वाचण्याचा प्रयत्न केला आहे.

उद्दिष्टे :

1. वर्धा जिल्ह्यातील तंबाखूविषयक विचार व संशोधन यांची परंपरा पाहणे.
2. रक्तसंक्रमण व त्यातील गुंतागुंत यांचा महाराष्ट्राच्या संदर्भात आढावा घेणे.
3. एककालिक पाहणी या अभ्यासपद्धतीचे सामर्थ्य व मर्यादा तपासणे.

संशोधन पद्धती :

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

विषय विवेचन :

1) सेवाग्रामची परंपरा : महात्मा गांधी 1936 मध्ये वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात राहावयास आले. पुढे 1940 मध्ये या गावाचे नाव सेवाग्राम झाले. किशोरवयाच्या उंबरठ्यावर एका नातेवाइकासोबत आपण विडीचे थोटके ओढली आणि त्यापायी नोकराच्या खिशातील पैसेही चोरले, असे गांधीजींनी आत्मकथेत नमूद केले आहे. 1942 ते 1944 या काळात पुण्याच्या आगाखान पॅलेसमधील स्थानबद्धतेत त्यांनी आरोग्यविषयक जे पुस्तक लिहिले, त्यातही तंबाखूचा स्वतंत्र विचार आहे. येथे व्यसन हा केवळ वैद्यकीय प्रश्न नसून नैतिक व आर्थिक प्रश्न ठरतो.

डॉ. सुशीला नायर यांनी 1940 च्या दशकात सेवाग्राम येथे सुरू केलेल्या दवाखान्यातून कस्तुरबा रुग्णालय आकारास आले. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, म्हणजे 1969 मध्ये, महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन झाली. या संस्थेच्या आचारसंहितेत खादी, श्रमदान व सर्वधर्मप्रार्थना यांच्याबरोबर तंबाखू व मद्य यांचा निषेधही अंतर्भूत आहे. विद्यार्थ्यांनी खेडे दत्तक घेऊन घरोघरी पाहणी करावी, ही तेथील शिक्षणाची रीत आहे. त्यामुळे जिल्ह्यातील खेडी ही संशोधनाची कार्यक्षेत्रे बनली.

2) तंबाखूविषयक संशोधन : इंग्लंडमध्ये डॉल व हिल यांनी 1950 मध्ये धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखविला. 1951 पासून त्यांनी ब्रिटिश डॉक्टरांचा दीर्घकाळ पाठपुरावा आरंभिला. मुंबईतही हा विचार तेव्हाच सुरू झाला होता. संघवी, राव व खानोलकर यांनी 1955 मध्ये ओढण्याच्या तसेच चघळण्याच्या तंबाखूचा मुख व घशाच्या कर्करोगाशी असलेला संबंध मांडला. पाश्चात्त्य संशोधनाचे लक्ष सिगारेटवर केंद्रित असताना भारतीय संशोधकांनी चघळण्याच्या तंबाखूकडे लक्ष वेधले, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

विदर्भात हा भेद विशेष जाणवतो. सुपारी, तंबाखू व चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला खर्रा येथील पानठेल्यांवर सर्रास मिळत आला आहे. सेवाग्रामच्या संशोधकांनी ग्रामीण वर्ध्यातील किशोरवयीनांविषयी केलेला अभ्यास 2008 मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ कॅन्सर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात सर्वेक्षणाला गटचर्चेची जोड होती. मुलांमध्ये गुटखा व खर्रा यांचे प्राबल्य, तर मुलींमध्ये दात घासण्यासाठी तंबाखूजन्य पदार्थांचा वापर त्यातून पुढे आला. केवळ ‘तू धूम्रपान करतोस काय?’ एवढेच विचारले असते, तर यातील बरेचसे चित्र निसटले असते. तंबाखू नियंत्रणाचा 2003 चा केंद्रीय कायदा व 2012 ची महाराष्ट्रातील गुटखाबंदी या पार्श्वभूमीवर असे अभ्यास महत्त्वाचे ठरतात.

3) रक्तसंक्रमणाचा इतिहास : कार्ल लॅन्डस्टायनर यांनी 1901 मध्ये रक्तगटांचा शोध लावला आणि रक्तसंक्रमणास शास्त्रीय पाया मिळाला. या इतिहासात महाराष्ट्राचे स्थान मोठे आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. य. मो. भेंडे व सहकाऱ्यांना आढळलेला दुर्मीळ रक्तगट 1952 मध्ये जगासमोर आला व तो ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून ओळखला जातो. नेहमीच्या तपासणीत ही व्यक्ती ‘ओ’ गटाची भासते. मात्र तिला ‘ओ’ गटाचे रक्त दिल्यास जिवावर बेतू शकते.

विदर्भाचा प्रश्न वेगळा आहे. भारतात सिकलसेलची नोंद 1952 मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये झाली. नागपूर भागात शुक्ला व सोळंकी यांनी 1958 मध्ये ती नोंदविली. हा आजार येथील दलित, आदिवासी व इतर मागास समाजांत मोठ्या प्रमाणावर आढळतो. तीव्र रक्तक्षय व अन्य गुंतागुंतींत या रुग्णांना रक्त द्यावे लागते. वारंवार रक्त दिल्याने शरीरात लोह साठते, परक्या रक्तपेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि पुढे जुळणारे रक्त मिळणे कठीण होते. रक्तातून पसरणाऱ्या संसर्गाचे भय असतेच. सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या निकालानंतर 1 जानेवारी 1998 पासून व्यावसायिक रक्तदात्यांवर बंदी आली. रक्तसंक्रमणातील प्रतिकूल घटनांची देशव्यापी नोंद करणारा हिमोव्हिजिलन्स कार्यक्रम मात्र 10 डिसेंबर 2012 रोजी सुरू झाला. तत्पूर्वी खेड्यातील रुग्णाला रक्त चढविताना आलेली थंडी वा ताप बहुधा केसपेपरवरच राहून जाई.

4) दोन प्रवाहांचा संगम : धूम्रपानातून रक्तात जाणारा कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो. धूम्रपान करणारा दाता शरीरातील हा वायू काही तासांत श्वासावाटे टाकतो; परंतु पिशवीतील रक्त श्वास घेत नाही. म्हणून रक्तदानापूर्वी धूम्रपान टाळण्याचा सल्ला दिला जातो. दुसरीकडे, सिकलसेलग्रस्त रुग्णाने स्वतः धूम्रपान केल्यास किंवा घरातील धूर त्याच्या छातीत गेल्यास फुप्फुसाच्या गंभीर उपद्रवाचा धोका वाढतो आणि अशा वेळी पुन्हा रक्ताचीच गरज भासते. भारतात रक्तदानाची किमान वयोमर्यादा 18 वर्षे आहे. अर्थात, महाविद्यालयातील रक्तदान शिबिरात पहिल्यांदा रक्त देणारा तरुण हा कालपरवापर्यंतचा किशोरच असतो.

5) एककालिक पाहणीची मर्यादा : क्रॉस-सेक्शनल, म्हणजेच एककालिक, अभ्यासाची तुलना तलाठ्याच्या पीकपाहणीशी करता येईल. पाहणीच्या वेळी शेतात कपाशी उभी आहे की तूर, हे तिच्यातून समजते. पीक का घेतले आणि पुढे हाती काय लागले, हे समजत नाही. त्याचप्रमाणे तंबाखू खाणाऱ्या किशोरांत रक्तक्षय अधिक आढळला, तरी तंबाखूमुळेच रक्तक्षय झाला असे म्हणता येत नाही. दारिद्र्य, अपुरा आहार व आनुवंशिक दोष ही कारणेही तेथेच वावरत असतात. शिवाय शिक्षकांसमोर किंवा पालकांसमोर भरलेल्या प्रश्नावलीत मुले खरे सांगतीलच असे नाही. मुलींच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. सिकलसेलचे निदान उघड झाल्यास विवाह जुळण्यात अडथळा येतो, ही धास्ती कुटुंबांना गप्प बसविते.

तथापि या मर्यादांमुळे अशा पाहण्या निरर्थक ठरत नाहीत. कमी खर्चात व अल्प काळात प्रश्नाचा आकार त्या दाखवितात. चूक पाहणीत नसून तिच्याकडून कार्यकारणभावाची अपेक्षा धरण्यात आहे.

निष्कर्ष :

वर्धा जिल्ह्याला तंबाखूविरोधाची नैतिक परंपरा व ग्रामीण आरोग्यसंशोधनाची संस्थात्मक परंपरा अशा दोन्ही परंपरा लाभल्या आहेत. तरीही किशोरांचे व्यसन आणि रक्ताची सुरक्षितता यांचा विचार स्वतंत्र खात्यांत होत राहिला. 1 जुलै 2023 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानामुळे 40 वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी हाती घेण्यात आली. या तपासणीसोबत तंबाखूसेवनाची नोंद गोपनीय रीतीने व्हावी, रक्त घेतलेल्या किशोरांचा काही वर्षे पाठपुरावा व्हावा आणि शिबिरांतील तरुण दात्यांना धूम्रपानाविषयी स्पष्ट विचारले जावे, असे सुचवावेसे वाटते. एकदा मोजून झालेल्या मुलाकडे संशोधक पुन्हा वळला, तरच अल्लीपूरसारख्या गावाला त्या मोजणीचा उपयोग होईल. अन्यथा आकडे अहवालात राहतील आणि रक्ताच्या पिशवीसाठी धावपळ मात्र त्या मुलाच्या आईवडिलांनाच करावी लागेल.